लग्नाचे वचन देणारा माणूस
गुन्हेपटांतील मोहक पुरुषावरच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना

या संग्रहातले सगळे लेख एकाच जातकुळीच्या माणसाबद्दल आहेत. तो नीटनेटका राहतो, हळू बोलतो, घरातल्या थोरांच्या पाया पडतो, लहान मुलांना खाऊ आणतो. आणि बाईचा विश्वास पुरता बसला की तिचे दागिने, तिची ठेव, तिची अब्रू किंवा तिचा जीव घेऊन नाहीसा होतो. १९४० च्या दशकातल्या अमेरिकी गुन्हेपटांनी त्याला पडद्यावर नावारूपाला आणले. मुंबईने १९५२ मध्ये त्याच्या हाती गिटार देऊन त्याला गोव्याच्या किनाऱ्यावर आणून बसवले. मराठी रंगभूमीने १९६२ मध्ये त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. २००९ मध्ये तो आमच्या गोव्याच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला, तेव्हा तो कुठल्याच सिनेमातला नव्हता.

काळोख्या गुन्हेपटांना, म्हणजे ज्यांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ पासून ‘फिल्म न्वार’ म्हणायला सुरुवात केली त्या चित्रपटांना, जगभर चाहते मिळाले ते मुख्यतः त्यांतल्या मायाविनीमुळे. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) मधली बार्बरा स्टॅनविक नवऱ्याचा काटा काढण्यासाठी विमा एजंटाला नादी लावते. तिच्यावर आणि तिच्या बहिणींवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. तेच काम करणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला मात्र फार थोडी शाई आली. याचे कारण आपल्या पाहण्याच्या सवयीत आहे. बाई फसवते तेव्हा आपण फसवणारीकडे बघतो. पुरुष फसवतो तेव्हा आपले बोट फसलेल्या बाईकडे वळते. ती भुललीच कशी, तिला कळले कसे नाही, घरच्यांना न सांगता गेलीच का, असे सगळे प्रश्न तिलाच विचारले जातात.

हा संग्रह त्या प्रश्नांची दिशा बदलावी म्हणून काढला आहे. या पुरुषाचे खरे भांडवल म्हणजे बाईच्या भोवतालच्या माणसांनी तिच्यावर टाकलेला दबाव. रूप, आवाज, कपडे ही नंतरची गोष्ट. लग्नाचे वय उलटते आहे, हुंड्याला पैसा नाही, पाठच्या बहिणी खोळंबल्या आहेत, विधवेला पुन्हा कोण विचारणार, असे जे जे समाज तिला रोज ऐकवतो ते ते तो नीट ऐकून ठेवतो, आणि त्या प्रत्येकाचे उत्तर होऊन तिच्यासमोर उभा राहतो. चांगला गुन्हेपट हे दाखवतो. वाईट गुन्हेपट त्याच्या गालावरची खळी दाखवतो.

डिचोली-पेडण्याच्या प्रेक्षकाला हा पुरुष सिनेमाने ओळखीचा करून द्यावा लागला नाही. तुळशीचे लग्न झाले की गावोगावच्या जत्रांत दशावतारी नाटके उभी राहतात. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर येऊन जातो, मग मुख्य आख्यान सुरू होते आणि हार्मोनियम, पखवाज, झांज यांच्या साथीने पहाटेपर्यंत चालते. संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो. सीताहरणाच्या आख्यानात रावण आधी आपल्या पूर्ण थाटात येऊन जातो, आणि मग भगवी वस्त्रे नेसून भिक्षा मागायला पर्णकुटीच्या दारात उभा राहतो. मांडवातल्या आयाबायांना, पेंगुळलेल्या पोरांना, सगळ्यांना ठाऊक असते की हा कोण आहे. ठाऊक नसते ते फक्त सीतेला. आल्फ्रेड हिचकॉकने ज्या युक्तीवर आयुष्यभर सिनेमे उभे केले, म्हणजे प्रेक्षकाला सगळे सांगायचे आणि पात्राला अंधारात ठेवायचे, ती आमच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे.

त्या आख्यानात एक गोष्ट फार नेमकी आहे. सीता लोभाने किंवा मोहाने रेषा ओलांडत नाही. दारी आलेल्या अतिथीला विन्मुख पाठवायचे नाही, ही तिला मिळालेली शिकवण आहे आणि त्या शिकवणीपायी तिचे पाऊल बाहेर पडते. रावणाने तिचा दुबळेपणा हेरलेला नाही. तिचा चांगुलपणा हेरला आहे. पुढच्या प्रत्येक लेखात हा धागा भेटेल. पडद्यावरचा मोहक मारेकरी बाईच्या वाईट वासनांवर क्वचितच जगतो. तिला घर हवे असते, मूल हवे असते, आईबापांच्या जिवाचा घोर उतरवायचा असतो. तो जगतो या चांगल्या इच्छांवर.

पाश्चात्त्य सिनेमातल्या या माणसाची मुळेही खऱ्या खटल्यांत आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात आंरी लांद्रू हा फ्रेंच इसम वर्तमानपत्रांत विधुर म्हणून लग्नाच्या जाहिराती देत असे. युद्धाने विधवा केलेल्या आणि एकट्या पडलेल्या बायका त्याला उत्तरे पाठवीत. दहा स्त्रिया आणि एका मुलाच्या खुनाबद्दल १९२२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. चार्ली चॅप्लिनने त्याच्यावरून ‘मस्यू व्हेर्दू’ (१९४७) केला. अमेरिकेत हॅरी पॉवर्स हा एकट्या बायकांना पत्रे लिहून जाळ्यात ओढी. दोन बायका आणि तीन मुले मारून तो १९३२ मध्ये फासावर गेला. त्याच्यावरून आधी डेव्हिस ग्रबची कादंबरी आली आणि मग चार्ल्स लॉटनचा ‘द नाइट ऑफ द हंटर’ (१९५५). त्यात रॉबर्ट मिचमचा धर्मोपदेशक एका हाताच्या बोटांवर प्रेम आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर द्वेष अशी अक्षरे गोंदवून फिरतो. गाव त्याच्या प्रवचनावर भाळते, विधवेला लग्न करायला शेजारीपाजारीच आग्रह करतात. तिच्या लहान मुलाला तेवढा तो पहिल्या दिवसापासून खुपतो, पण मुलाचे कोण ऐकणार. लॉटनने हा एकच चित्रपट दिग्दर्शित केला. भगव्यातला रावण आणि काळ्या डगल्यातला हा उपदेशक यांच्यात नाते जोडायला फार कष्ट पडत नाहीत.

या परंपरेतले तीन चित्रपट वाचकाने संग्रह वाचण्याआधी जमल्यास जरूर पाहावेत. तिन्हींत एकेका वस्तूकडे लक्ष ठेवावे, कारण या चित्रपटांत माणसे खोटे बोलतात आणि वस्तू खरे.

पहिला ‘सस्पिशन’ (१९४१). केरी ग्रँट रात्री जिना चढून आजारी बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन येतो. जिन्यात अंधार आहे, पेला तेवढा उजळलेला, कारण हिचकॉकने दुधात छोटा दिवा ठेवला होता. त्या दुधात विष आहे की नाही, हा प्रश्न जोन फाँटेनच्या डोळ्यांत आहे. मूळ कादंबरीतला नवरा खुनी आहे; चित्रपटाने शेवटी त्याला निर्दोष ठरवले. लाडक्या नटाला खुनी ठरवायला सिनेमा कचरतो, आणि ही कचर पुढे आपल्या मुंबईतही भरपूर भेटते.

दुसरा ‘शॅडो ऑफ अ डाउट’ (१९४३). कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा या शांत गावात चार्ली मामा बहिणीच्या घरी येतो. जोसेफ कॉटनने रंगवलेला हा मामा श्रीमंत विधवांना मारून आलेला आहे. भाची त्याच्यावर जीव टाकते. तिचे नावही त्याच्यावरूनच ठेवलेले. तो तिला पाचूची अंगठी देतो आणि तिच्या लक्षात येते की आत दुसऱ्याच कुणाची आद्याक्षरे कोरलेली आहेत. पुढे जेवणाच्या टेबलावर तो विधवांविषयी बोलू लागतो. कॅमेरा त्याच्या एका बाजूने हळूहळू जवळ सरकतो. भाची म्हणते की त्याही माणसेच आहेत, आणि तो मान वळवून थेट आपल्याकडे, प्रेक्षकांकडे बघतो. घरातली बाकीची माणसे जेवत असतात. त्या घरात त्याला ओळखणारी एकटी ती मुलगी आहे, आणि आईचे मन मोडेल म्हणून ती गप्प राहते. कुटुंबाचा मान राखण्यासाठी पाळलेले मौन खुन्याच्या कसे कामी येते, हे याहून स्पष्ट दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

तिसरा ‘गॅसलाइट’ (१९४४), पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या नाटकावरून केलेला. शार्ल बोयेचा देखणा नवरा इन्ग्रिड बर्गमनला तिच्याच घरात वेडी ठरवत जातो. रोज रात्री तो बाहेर पडला की थोड्या वेळाने तिच्या खोलीतला गॅसचा दिवा मंदावतो आणि माळ्यावर पावले वाजतात. तो वर तिच्या मावशीचे दागिने शोधत असतो. दिवा मंदावल्याचे ती कुणाला सांगू शकत नाही, कारण तिला भास होतात हे घरच्या मोलकरणीलाही पटवून दिलेले आहे. अखेर एक पोलीस अधिकारी तिच्या खोलीत बसून म्हणतो की हो, दिवा खरेच मंदावला. बर्गमनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसते त्यासाठीच तिला ऑस्कर मिळाले असावे असे मला वाटते. तो अधिकारीही जोसेफ कॉटननेच केला आहे. आदल्या वर्षी विधवांचा खुनी झालेला तोच चेहरा इथे रक्षणकर्ता होतो, यावरून चेहऱ्यावर किती विसंबावे हे कळते.

आता मुंबईकडे वळू. गुरु दत्त कोकणी बोलणाऱ्या घरातला. ‘बाजी’ (१९५१) नंतर त्याने ‘जाल’ (१९५२) केला आणि त्याची कथा गोव्याच्या ख्रिस्ती मच्छीमार वस्तीत ठेवली. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. देव आनंदचा टोनी सोन्याची तस्करी करतो, गिटार वाजवतो आणि बायकांना वापरून टाकून देतो. गीता बालीची मारिया देवभोळी, आंधळ्या भावासोबत राहणारी. टोनीच्या हातून आधीच पोळलेली लिझा मारियाच्या डोळ्यांसमोर आहे, तरी मारिया ओढली जाते. चांदण्या रात्री टोनी समुद्रकाठी गिटार छेडत गातो. साहिरचे शब्द, सचिनदेव बर्मनांची चाल आणि हेमंतकुमारांचा तो खर्जातला आवाज. व्ही. के. मूर्तींचा कॅमेरा त्या चांदण्यात टोनीच्या चेहऱ्यावर जितका रेंगाळतो तितकाच मारियाच्या घालमेलीवरही. हिंदी सिनेमातल्या अनेक प्रेमगीतांना जे जमले नाही ते इथे जमले आहे: गाणे ऐकताना आपण स्वतः भुलतो आणि त्याच वेळी आपल्याला भीती वाटते. शेवटी मात्र मारियाचे प्रेम टोनीला वळणावर आणते. नायक बिघडलेला असला तरी बाईच्या सहनशीलतेने सुधारतो, हा निर्वाळा देऊन चित्रपट प्रेक्षकाला घरी पाठवतो. या निर्वाळ्याने घराघरांतल्या किती बायकांना वाट बघत ठेवले असेल, याचा विचार संग्रहातल्या दोन लेखांनी केला आहे.

‘जाल’बद्दल गोव्याच्या माणसाला आणखी एक सांगणे आहे. समुद्र, तस्करी, गिटार आणि मोकळ्या वृत्तीची ख्रिस्ती मुलगी, ही गोव्याची प्रतिमा त्या काळापासून हिंदी पडद्यावर पक्की होत गेली. त्यामुळे फसवणूक होते ती किनाऱ्यावर, नाचगाण्यात, परक्या चालीरीतींत, असा समज रुजला. आतल्या तालुक्यांतली, देवळा-मांडवाभोवतीची, लवकर निजणारी गावे यातून सुटली असे आम्ही धरून चाललो. ते खरे नव्हते.

१९९३ मध्ये ‘बाजीगर’ आला. आयरा लेव्हिनच्या १९५३ च्या कादंबरीवरून हॉलिवूडने १९५६ मध्ये ‘अ किस बिफोर डाइंग’ केला होता; त्याच कथेचा हा मुंबईतला अवतार. शाहरुख खानचा नायक प्रेयसीला लाडीगोडीने स्वतःच्या हस्ताक्षरात आत्महत्येची चिठ्ठी लिहायला लावतो आणि लग्नाच्या नोंदणीसाठी म्हणून नेऊन उंच इमारतीवरून ढकलतो. तोवर हिंदी सिनेमाने नायकाच्या हातून असे क्वचितच घडू दिले होते. पण चित्रपटाने लगेच त्याला बापाच्या सूडाचे कारण दिले, आजारी आई दिली, आईच्या मांडीवर मरण दिले. मेलेल्या मुलीचा एकच गुन्हा होता, की ती एका उद्योगपतीची मुलगी होती. चित्रपट संपताना प्रेक्षक रडतो तो तिला मारणाऱ्यासाठी. ‘सस्पिशन’च्या वेळची कचर इथे नव्या कपड्यांत येते: नटाला खुनी ठरवायचे धाडस झाले, पण त्याला क्षमा मिळवून दिल्याशिवाय चैन पडले नाही.

अकरा वर्षांनी, २००४ मध्ये, श्रीराम राघवनने पहिल्याच चित्रपटात ती क्षमा नाकारली. ‘एक हसीना थी’ मधली सारिका वर्तक ही मुंबईत एकटी राहून ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी करणारी मराठी मुलगी. ऊर्मिला मातोंडकरने ती केली आहे. सैफ अली खानचा करण तिच्या ऑफिसात गिऱ्हाईक म्हणून येतो. पहिला अर्धा तास साध्या प्रेमकथेसारखा जातो. मग करणचा एक मित्र रात्रीपुरता तिच्या घरी उतरतो आणि आपली बॅग ठेवून बाहेर पडतो. सारिका टीव्ही लावते, बातम्यांत त्याच माणसाचा चेहरा दिसतो. बॅग तिच्या घरात आहे. पोलीस दारात येतात. करणला त्रास होऊ नये म्हणून, त्यानेच पाठवलेल्या वकिलाच्या सल्ल्याने, ती न केलेला गुन्हा कबूल करते आणि सात वर्षांची शिक्षा घेते. ही कबुली हे चित्रपटाचे मर्म आहे. करणने तिच्यावर कुठलीही जबरदस्ती केली नाही. प्रेमात बाईने सोसायचे असते ही गोष्ट तिला लहानपणापासून कुणीकुणी शिकवली होती, करणने फक्त ती वापरली. तुरुंगात तिला ते उमगते, आणि मग उरलेला चित्रपट तिचा होतो. शेवट क्रूर आहे. त्याच्या समर्थनाचा आणि विरोधाचा असे दोन्ही लेख शेजारी शेजारी ठेवले आहेत.

मराठीत या माणसाला सर्वांत आधी आणि सर्वांत नीट पकडले ते रंगभूमीने. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये आले. माधव काझी नावाच्या, अनेक नावांनी अनेक बायकांना फसवणाऱ्या इसमाच्या गाजलेल्या प्रकरणावरून ते सुचलेले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. एकेक साक्षीदार येतो, फिरता रंगमंच सरकतो, आणि तोच माणूस कधी दिवाकर दातार, कधी कॅप्टन अशोक परांजपे, कधी राधेश्याम महाराज होऊन समोर येतो. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका पुढे हजारो वेळा केली. गोव्यातल्या गावोगावच्या हौशी मंडळींना नाटकाचे वेड पिढीजात आहे, त्यामुळे इथे लखोबा कोण हे सांगावे लागत नाही.

अत्र्यांनी लखोबाला देखणा केले नाही, हे त्या नाटकाचे मोठे शहाणपण आहे. त्याच्याकडे वेगवेगळ्या घरांना हवे असलेले वेगवेगळे स्थळ आहे. ज्या घराला सरकारी हुद्द्याचे कौतुक त्या घराला तो अधिकारी, ज्यांना लष्करी रुबाब हवा त्यांना कॅप्टन, ज्यांना भक्ती हवी त्यांना महाराज. त्याने मुलींना भुलवण्याआधी घरांना भुलवले आहे. बाप, भाऊ, मध्यस्थ, सगळे त्याच्या ओळखपत्रावर खूश आहेत. आज हे नाटक बघताना हसू येते, आणि हसता हसता ध्यानात येते की चौकशी न करता स्थळ पदरात पाडून घेण्याची घाई आपण अजून सोडलेली नाही. कांदेपोह्यांच्या ताटलीसमोर बसलेल्या त्या माणसाला अजूनही पगार आधी विचारतात, पत्ता नंतर.

छोट्या पडद्यावर हा वारसा ‘देवमाणूस’ने पुढे नेला. झी मराठीवर २०२० मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत किरण गायकवाडने गावाचा लाडका डॉक्टर रंगवला. मालिकेमागे सातारा जिल्ह्यातल्या वाईजवळच्या धोमचे प्रकरण होते. स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या एका इसमावर २०१६ मध्ये सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. मालिका लांबत गेली तशी ती सैल झाली, डॉक्टरच्या कारस्थानांची चटकही प्रेक्षकाला लागली. पण तिच्यात एक जागा खरी होती. खेड्यात रात्री-अपरात्री ज्याचे दार उघडे असते त्या माणसाविरुद्ध बोलायची कुणाची टाप नसते. सेवेची पुण्याई त्याच्या गुन्ह्याभोवती तटबंदीसारखी उभी राहते.

आता २००९ सालाबद्दल. फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याच्या महानंद नाईक या रिक्षाचालकाला त्या वर्षी अटक झाली. १९९४ ते २००९ या काळात सोळा स्त्रियांचे खून केल्याचे आरोप त्याच्यावर आले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘दुपट्टा किलर’ म्हटले. अनेक खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला आणि काहींत त्याला जन्मठेप झाली. समोर आलेली पद्धत थोडक्यात अशी: गरीब घरातल्या, लग्न न जमलेल्या मुलीशी ओळख वाढवायची, लग्नाचे वचन द्यायचे, आपल्या माणसांना भेटायला म्हणून अंगावर दागिने घालून बोलवायचे, निर्जन जागी तिच्याच ओढणीने गळा आवळायचा आणि सोने विकायचे. मेलेल्यांची नावे मी इथे घेत नाही. त्यांच्या घरच्यांना ती पुन्हा छापील पाहायची गरज नाही.

सिनेमाच्या अभ्यासकाने इथे थांबून बघावे असे बरेच आहे. या प्रकरणात समुद्रकिनारा नाही, मद्य नाही, गिटार नाही. बसस्टँड आहे, रिक्षा आहे, गावातली ओळखदेख आहे. तो पंधरा वर्षे मोकळा राहू शकला यामागे हुशारीपेक्षा मोठे कारण आमच्या घरांत होते. मुलगी नाहीशी झाली तेव्हा कित्येक घरांनी धरले की ती कुणाबरोबर पळाली, लग्न करून कुठेतरी सुखात असेल. बोभाटा नको म्हणून तक्रार झाली नाही, झाली तरी मागे लागले कुणी नाही. हुंड्याशिवाय लग्न करणारा कुणी भेटला असेल तर बरेच झाले, असा एक सुटकेचा सुस्काराही काही घरांत पडला असेल. सांता रोझाच्या जेवणाच्या टेबलावरचे मौन आणि आमच्या माजघरातले मौन यांत फरक नाही.

त्याच २००९ मध्ये शेजारच्या कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात मोहन कुमार हा प्राथमिक शिक्षक पकडला गेला. लग्नाच्या वचनावर बायकांना परगावी न्यायचे, दागिने खोलीत काढून ठेवायला सांगायचे आणि गर्भ राहू नये म्हणून गोळी आहे असे सांगून बसस्टँडच्या स्वच्छतागृहात सायनाइड घ्यायला लावायचे, अशी त्याची रीत. वीस खुनांचे खटले त्याच्यावर चालले. रीमा कागती आणि झोया अख्तर यांची ‘दहाड’ (२०२३) ही मालिका याच धर्तीवर राजस्थानात घडते. विजय वर्माचा आनंद कॉलेजात शिकवतो, सुटीत मुलांसाठी फिरते वाचनालय चालवतो. त्याला पकडणारी सबइन्स्पेक्टर अंजली भाटी, म्हणजे सोनाक्षी सिन्हा, हिच्या हाती तिची आई रोज नव्या मुलांचे फोटो देत असते. मालिकेचे सगळे सामर्थ्य या जोडणीत आहे. मेलेल्या बायकांवर जो दबाव होता तोच तपास करणाऱ्या बाईवर आहे. फरक एवढाच की तिच्या अंगावर वर्दी आहे आणि ती नाही म्हणू शकते.

म्हणून या चित्रपटांची पारख करताना मी तीन गोष्टी बघतो आणि वाचकानेही बघाव्यात अशी विनंती आहे. कॅमेरा कुणाच्या खांद्यावरून बघतो आहे? बाई मेल्यावर चित्रपट तिला विसरतो, की तिच्या रिकाम्या जागेची दखल घेतो? आणि खलपुरुष पकडला गेला की त्याला वाढवणारे घर, गाव, रीतिरिवाज हेही आरोपीच्या पिंजऱ्यात येतात की नाही? ‘गॅसलाइट’, ‘शॅडो ऑफ अ डाउट’, ‘एक हसीना थी’, ‘दहाड’ आणि आपले ‘तो मी नव्हेच’ या कसोट्यांना बहुतांशी उतरतात. ‘बाजीगर’ उतरत नाही, आणि तो मला आवडत असूनही हे म्हणणे भाग आहे. मोहक पुरुषाचे आकर्षण दाखवणे गैर नाही. ते दाखवल्याशिवाय बायका का विश्वास ठेवतात हे कळणारच नाही. गैर आहे ते त्या आकर्षणाची किंमत दुसऱ्याच कुणाच्या खाती मांडणे.

असे सिनेमे पाहून तरुण पोरे बिघडतात, म्हणून ते पाहूच नयेत, असे म्हणणारे भेटतात. त्यांची काळजी खरी आहे, उपाय चुकीचा आहे. शिरोड्यातल्या त्या माणसाला हिचकॉक ठाऊक असण्याची गरज पडली नाही. त्याला माणसे ठाऊक होती. उलट त्याच्या वाटेवर आलेल्या मुलींना कुणी घरात बसून ‘शॅडो ऑफ अ डाउट’ दाखवला असता, मग त्यावर मोकळेपणी बोलणे झाले असते, तर दागिने घालून एकटीने ये हे वाक्य ऐकताच एखादी तरी थबकली असती. गोष्ट सांगण्याचे हे सर्वांत जुने काम आहे, आणि दशावताराच्या मांडवात ते अजून चालते.

संग्रहाचे चार भाग केले आहेत. पहिल्यात हॉलिवूडचे काळोखे दशक, दुसऱ्यात मुंबई, तिसऱ्यात मराठी रंगभूमी आणि मालिका, चौथ्यात खरे खटले आणि त्यांची पडद्यावरची रूपे. क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. ज्यांच्या घरात लग्नाच्या वयाची मुलगी आहे त्यांनी चौथा भाग आधी वाचावा आणि तो तिच्यासोबत वाचावा. लग्न ठरले नाही म्हणून तिला घरात कुणी टोमणा मारत असेल तर तो आजपासून बंद करावा, कारण त्याच टोमण्याचा आधार घेऊन उद्या कुणीतरी तिच्याशी गोड बोलायला येणार आहे. आणि एखाद्या घरची मुलगी परतली नाही, तर अब्रूचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जावे, गावाने त्या घरासोबत जावे. हा संग्रह वाचून एका घराने एवढे केले तरी इतक्या लेखकांनी घेतलेले श्रम सार्थकी लागले असे मी मानीन.

सर्वण, डिचोली (गोवा)